विमान उतरेपर्यंत

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं पोस्टिंग जालना जिल्ह्यात आलं. मी हवाई दलात सार्जंट होतो, रडार टेक्निशियन. माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, त्याच जिल्ह्यातलं. तोवरची सगळी नोकरी पंजाब आणि आसामात गेली होती. घराजवळ पोस्टिंग मिळतं हे मला खरं वाटेना. नंतर कळलं, गावकऱ्यांशी बोलायला मराठी माणसं हवी होती.

सरकारी संशोधन विभागाने एक नवं रडार तयार केलं होतं. ढगात किंवा धुळीत पायलटला धावपट्टी दिसत नाही. अशा वेळी कंट्रोलर रडारच्या पडद्यावर विमान पाहतो आणि रेडिओवरून पायलटला बोलत बोलत खाली आणतो. आमचं काम ते रडार पारखून घेण्याचं. मंठ्याच्या अलीकडे माळावर मुरमाची तात्पुरती धावपट्टी होती. तिच्या बाजूला रडारचा ट्रक आणि ट्रकपासून थोड्या अंतरावर अँटेना.

रोज विमान वर जायचं. ते चालवणाऱ्या स्क्वाड्रन लीडर सूद साहेबांच्या समोरची काच पडद्याने झाकलेली असायची. ते फक्त आमच्या आवाजावर खाली यायचे. शेजारचा पायलट उघड्या काचेतून लक्ष ठेवायचा. रडार बनवणारे शास्त्रज्ञ अय्यर साहेब बहुतेक वेळा विमानातच असत. म्हणायचे, "मी बनवलंय, मग मी बसायला नको?"

माझ्या हाताखाली कॉर्पोरल नामदेव खरात होता. मंठा तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा. वडील अजून मेंढरं राखायचे. नामदेव कमी बोलायचा. चारचौघांत मला सर म्हणायचा, दोघंच असलो की दादा. रविवारी आईने बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायचा. आमच्या तुकडीतले पंजाबी, मल्याळी सगळे त्यावर तुटून पडत.

तो मे महिना होता. दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. विमान सूद साहेब, अय्यर साहेब धरून चौघांना घेऊन वर गेलं. शेवटची फेरी राहिली असताना पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली. बघता बघता धावपट्टी दिसेनाशी झाली. वारा असा, की ट्रक हलत होता.

कंट्रोलर फ्लाइट लेफ्टनंट जोसेफ यांनी विचारलं, "फ्युएल?"

सूद साहेबांचा आवाज आला, "एकदाच जमेल. दुसऱ्या एअरफील्डपर्यंत पोचणार नाही."

"रॉजर. आम्ही उतरवतो."

तेवढ्यात अँटेनाची मोटर बंद पडली. विमान जसं खाली येतं तसा अँटेनाही खाली झुकवावा लागतो, नाहीतर विमान पडद्यावरून निघून जातं. हाताने फिरवायचं एक चाक होतं, पण ते बाहेर, अँटेनाच्या बुडाशी. दुरुस्तीच्या वेळी वापरायचं.

मी उठलो. नामदेवने मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तुमी पडद्यावर ऱ्हा दादा. तुमच्याबिगर मला कोन सांगन, किती फिरवायचं ते?"

ते बरोबर होतं. त्याने फील्ड टेलिफोनचा हेडसेट डोक्याला बांधला आणि दार उघडून तो बाहेर गेला.

"पोचलो. चाक धरून राह्यलो. बोला."

"खाली घे. हळू. बस."

शेजारी जोसेफ साहेब एकाच सुरात पायलटला दिशा आणि उतार सांगत होते. "स्लाइटली लेफ्ट. ऑन ग्लाइड पाथ. कम राइट." पडद्यावरचा ठिपका सरकत होता आणि तो दिसतोय तो नामदेवच्या हातामुळे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"नामदेव, वारा कसा आहे?"

"वारा लई हाय. तुमी आकडा सांगा."

मी किती अंश ते सांगत राहिलो. मग रेडिओवर सूद साहेब म्हणाले, "रनवे इन साइट." थोड्या वेळाने, "डाउन. ऑल सेफ."

"नामदेव, उतरलं. ये आत. जल्दी."

"उतरलं ना बराबर?"

"बिलकुल बराबर. ये."

तो निघाला होता. स्टोअरच्या शेडचा पत्रा वाऱ्याने उचकटला आणि त्याला मानेपाशी लागला. मी बाहेर पोचलो तेव्हा श्वास चालू होता. माळावरच्या एका शेतकऱ्याने न विचारता जीप काढली. समोरचं काही दिसत नसताना त्याने ती जालन्याच्या रस्त्याला घातली. नामदेवचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना येण्याआधीच तो गेला.

त्याला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. सूद साहेब आणि अय्यर साहेब सोबत होते. तिरडीला दोघांनी खांदा दिला. अय्यर साहेब परत जाऊन रडारच्या आराखड्याला पुन्हा बसले. पुढच्या वर्षी रडारचा नवा नमुना आला, त्यात ते चाक ट्रकच्या आत होतं. मोटर बंद पडली तरी कुणाला बाहेर जावं लागणार नव्हतं. अशी रडार पुढे किती ठिकाणी बसली, मला माहीत नाही. एका धुक्याच्या सकाळी उत्तरेतल्या एका तळावर तसलंच चाक माझ्या हातात आलं. खुर्चीत बसून मी ते फिरवलं. विमान उतरलं. मी मनातल्या मनात नामदेवला सांगितलं.

निवृत्त होऊन मी जालना शहरात, नवीन जालना भागात राहायला आलो. काही वर्षांनी सूद साहेबांचा फोन आला. त्यांना नामदेवच्या घरी जायचं होतं. बायकोला आणि दोन मुलींना घेऊन ते आले. धाकटी मुलगी त्या वादळानंतर जन्मलेली.

नामदेवचे वडील थकले होते, ओसरीवर बसून होते. मी सांगितलं, "काका, हे त्या इमानातले साहेब."

त्यांनी सूद साहेबांकडे पाहिलं. मग मुलींकडे पाहिलं, बराच वेळ.

"ह्या तुमच्या?"

"जी," सूद साहेब म्हणाले. ते वाकून पाया पडले.

म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आत हाक दिली, "अगं, नामदेवाकडचे पाव्हने आलेत. जेवायला वाढ."