मालकांच्या सूचनेनुसार

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. शेवटापर्यंत तुमचं हसू टिकेल याची खात्री मी देत नाही, कारण माझं टिकलं नाही. मूर्खपणा सगळा माझाच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नाही.

मी हॅम्बुर्गला एका रेडेरायमध्ये नोकरी करतो. रेडेराय म्हणजे जहाजं चालवणारी कंपनी. माझं काम खलाशांचं. कोण कुठल्या जहाजावर चढणार, कोण कधी उतरून घरी जाणार, हे मी ठरवतो. म्हणजे एक्सेलमध्ये भरतो. ऑफिसात सगळे 'आमची जहाजं' असंच म्हणतात. मालक कोण, ते विचारू नका. कागदावर प्रत्येक जहाजाची एक वेगळी कंपनी असते आणि तिच्यात कुठल्या कुठल्या गावचे दातांचे डॉक्टर भागीदार असतात. त्यांनी जहाज फोटोतच पाहिलेलं असतं.

तर एकदा फोनवर मी सासऱ्यांना म्हणालो, "अण्णा, या आठवड्यात जरा गडबड आहे. आमची तीन जहाजं बंदराला लागतायत."

अण्णा चिपळूणचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी 'आमची' हा शब्द ऐकला, 'तीन' हा आकडा ऐकला आणि उत्तर काढलं. पुढच्या महिन्यात चिपळूणहून लांबच्या एका मामांचा मला फोन. "जहाजं घेतलीत म्हणे. अभिनंदन."

बायको म्हणाली, "बाबांना आजच्या आज खरं काय ते सांग."

मी म्हणालो, "कळेल हळूहळू."

आता खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. ऑफिसात मला कुणी जिन्यातही ओळखत नाही. चिपळुणात मात्र माझी तीन जहाजं होती. तुम्ही असता तर लगेच खोडून काढलं असतंत का?

मग उन्हाळ्यात अण्णा आले. बॅगेत पापड, कोकम आणि एक सोललेला नारळ. "जहाजाची पूजा करायची आहे," म्हणाले.

आमची ईरा आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. ती म्हणाली, "ओपा, पापा हाट काइन शिफ. पापा हाट नूर आइनेन लॅपटॉप." म्हणजे, आजोबा, पप्पांकडे जहाज नाही, नुसता लॅपटॉप आहे.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"ती म्हणतेय, पप्पा लॅपटॉपवरूनच जहाज चालवतात."

बायको उठून आत निघून गेली. ईराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून छळते.

झालं. आता जहाज दाखवणं भाग होतं. आमचं एक कंटेनरचं जहाज त्याच आठवड्यात लागलं होतं. मी कॅप्टनला मेल केली, दोघांचे पासपोर्ट पाठवले आणि शनिवारी सकाळी अण्णांना घेऊन गेलो. गेटवर हेल्मेट मिळालं, पिवळं जाकीट मिळालं, छातीवर लावायला नावाचा पास मिळाला. शिडी चढताना अण्णांना दोनदा थांबावं लागलं, पण नारळ त्यांनी माझ्या हातात दिला नाही.

वर कॅप्टन स्वतः उभा. पोलंडचा, उंचापुरा माणूस. "वेलकम, सर." त्याच्या मागे चीफ ऑफिसर. "वेलकम, सर." आचाऱ्याने केक केला होता. ज्याला त्याला माझी खुर्ची पुसायची होती.

अण्णा कानाशी म्हणाले, "केवढा मान आहे तुमचा, जावईबापू."

मान कसला. कुणाला कधी घरी पाठवायचं ते माझ्या लॅपटॉपवर ठरतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. तुरुंगात जेलर आला की त्यालाही असाच केक मिळत असणार.

अण्णांनी नारळ दाखवला. कॅप्टनने तो दोन्ही हातांनी उलटसुलट करून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "आमचा फिटर तुमच्याच भागातला आहे. सुर्वे. तो फोडेल." त्याने सुर्व्यांना बोलावलं आणि स्वतः कामाला निघून गेला.

सुर्वे हे नाव ऐकून मला काहीतरी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. माझ्या यादीत चारशे नावं आहेत.

सुर्वे आले. पन्नाशीचे, काळ्या पडलेल्या हातांचे. अण्णांचं मराठी ऐकून ते दारातच थांबले. मग कळलं, गाव गुहागरजवळ. अण्णांचे दोन विद्यार्थी त्यांच्या वाडीतले निघाले. सुर्व्यांनी वर्कशॉपमधल्या हातोडीने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे बशीत घातले आणि आमच्यासाठी स्वतः आल्याचा चहा करून आणला. किती आनंदात होते ते.

"घरी कधी जाऊन आलात?" अण्णांनी विचारलं.

"दहा महिने झाले, गुरुजी. सहाचा करार होता."

"मग?"

"दोनदा वाढवला. मुलीचं लग्न होतं. एकदा पुढं ढकललं. दुसऱ्यांदा व्याही म्हणाले, आता नको. मग मोबाइलवर बघितलं. अंतरपाट धरला आणि रेंज गेली. परत आली तेव्हा लोक जेवत होते."

अण्णांनी कप खाली ठेवला. "मालक इतका वाईट आहे?"

मी चहात बघत बसलो.

"मालकाला कुणी बघितलंय, गुरुजी? मेल येते, मालकांच्या सूचनेनुसार आपला करार वाढवण्यात येत आहे. ऑफिसात एक माणूस आहे, तो पाठवतो. आपलाच, मराठी. म्हणून मी त्याला मराठीत लिहिलं, लग्नपत्रिकेचा फोटो जोडला. त्यावर पण तीच मेल आली, इंग्रजीत."

"नाव काय त्याचं?"

"केळकर."

अण्णा माझ्याकडे वळले नाहीत. पण सुर्वे वळले. माझ्या छातीवरचा पास त्यांनी सावकाश वाचला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, उलट सोपं गेलं असतं.

"चहा घ्या साहेब," ते म्हणाले. "गार होतोय."

मी काहीतरी बोललो. बघतो, करतो, असलं काहीतरी.

परतीच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, अण्णा माझ्या समोर बसले. मग म्हणाले, "तुमची जहाजं नाहीत ना?"

"नाही अण्णा. नोकरी करतो."

"वाटलंच." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही मालक असतात तर निदान म्हणता आलं असतं, तुमच्यापर्यंत पत्र पोचलंच नाही."

सोमवारी सकाळी मी सुर्व्यांच्या जागी दुसरा फिटर शोधला. अर्धा तास लागला. लाज वाटते सांगायला, पण अर्धाच तास. पुढच्या बंदरात, अँटवर्पला, त्यांना उतरवायचं ठरलं. कागद घेऊन मी आमच्या प्रमुख फ्राऊ पेटरसेन यांच्याकडे गेलो. मालकांच्या इच्छेविरुद्ध चाललो होतो ना.

त्यांनी कागद पाहिला. "अहो, हे माझ्याकडे कशाला आणलंत? माणूस बदलायला तुमची सही पुरते."

"पण मालक..."

"वेळेवर बदलायला मालकांना विचारावं लागत नाही. करार वाढवायचा असेल तरच विचारावं लागतं." त्यांनी फाइल उघडली. "दोनदा वाढवलाय. मालकांच्या सूचनेनुसार. ही सूचना कुणी दिली होती?"

मी आठवून पाहिलं. कुणीच नाही. मी आलो तेव्हा तो मजकूर संगणकात तयार होता. बदली माणूस शोधायचा कंटाळा आला की मी तोच पाठवत होतो. गेली चार वर्षं. सगळ्यांना.

"नाव सांगा," फ्राऊ पेटरसेन म्हणाल्या. "हा रकाना रिकामा आहे. सूचना देणाऱ्याचं नाव लागतं."

मी पेन घेतलं आणि केळकर असं लिहिलं.