जिलेबीच्या पेटीचा खटका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधीरला, माझ्या नवऱ्याला नाही, रेवाला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे? परवा एक फोन आला, एवढंच.

लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या घरात एक साप होता. हसू नका. रेवा, माझी मुलगी, शाळेत असताना तिने हट्टाने आणला होता. बिनविषारी, केशरी रंगाचा, सदा वेटोळं घालून बसलेला, म्हणून नाव जिलेबी. मला आधी किळस यायची, मग सवय झाली, मग — आता लाज कशाला? — माया जडली. रेवा केंब्रिजला शिकायला गेली तेव्हा जिलेबीला माझ्यावर सोपवून गेली. जाण्याआधी माझी उजळणीच घेतली तिने. "आई, तिचं तोंड उघडं राहिलं, नाकाशी बबल्स आले, शिट्टीसारखा साउंड आला, किंवा ती मान वर करून बसली ना, तर तिला ब्रीद करता येत नाहीये. लगेच व्हेटला फोन कर. आणि प्लीज, दूध नाही हं. साप दूध नाही पीत."

मी शब्द दिला. मला सगळं तोंडपाठ होतं. हे मुद्दाम सांगून ठेवते.

त्या उन्हाळ्यात रेवा घरी येणार होती. मी तिच्या उशांचे अभ्रेसुद्धा धुऊन ठेवले. ती आली नाही — प्रोजेक्ट आहे म्हणाली. आणि मग एके दिवशी मेधा, मंडळातली माझी मैत्रीण, जिची मुलगीही केंब्रिजलाच शिकते, सहज बोलून गेली, "रेवाचा फ्लॅट काय लव्हली आहे गं!" आणि तिने फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला. फोटोत रेवा, तिचा तो मित्र टॉम, आणि भिंतीला शेल्फ ठोकणारा माझा नवरा. ऑफिसच्या कामासाठी मँचेस्टरला गेलेला माझा नवरा.

मी "हो ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रेवाने टॉमबरोबर बिऱ्हाड केलं हे मेधाला माहीत, मेधाच्या मुलीला माहीत, आणि मी अभ्रे धुते आहे. बापलेकीने मिळून मला दगा दिला होता. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. वाटलं, आपणहून सांगतील. सुधीर रोज समोर बसून जेवत होता, आमटी छान झाली म्हणत होता. त्याने सांगितलं नाही.

नागपंचमी आली. मेधा म्हणाली, "तुझ्या घरात साक्षात नाग असताना आम्ही चित्राची पूजा कशाला करायची?" तो नाग नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी मी सगळ्या जणींना बोलावलं. का? रेवा माझ्याशी खोटं बोलते, तर तिला दिलेला शब्द मी एकटीनेच का पाळायचा — असं मनात होतं. हळदकुंकू झालं, आघाडा-दुर्वा झाल्या. वाटीतल्या दुधाकडे जिलेबीने पाहिलंही नाही. सगळ्या बघत होत्या. मग मी तिची मान धरली आणि पळीने दूध तिच्या तोंडात घातलं. ती हातातून सुटायला धडपडत होती. मी आणखी थोडं घातलं.

पुढचे काही दिवस मी एकेक लक्षण ओळखत गेले. आधी नाकाशी बुडबुडे. मग ती बारीक शिट्टी. मेधा तिचं विसरलेलं ताम्हन न्यायला आली तेव्हा जिलेबी मान उंच करून, तोंड उघडं टाकून बसली होती. मेधाने हात जोडले. म्हणाली, "बघ, दर्शन देतेय." जिलेबी श्वासासाठी तडफडत होती, हे मला कळत होतं. आणि मी — मीही हात जोडले.

व्हेटला फोन केला नाही. तोंडात काय घातलं, असं त्याने विचारलं असतं. मग रेवाला कळलं असतं.

जिलेबी गेली. पण माझा गुन्हा इथे संपत नाही.

सुधीरला एक खोड आहे. घरातून बाहेर पडताना दिसेल तो खटका बंद करायचा. जिलेबीच्या पेटीला ऊब देणाऱ्या हीटरचा खटका भिंतीवर होता, आणि त्याच्यावर रेवाने चिठ्ठी चिकटवली होती — बाबा, हा नाही. इतक्या वर्षांत त्याने त्या खटक्याला कधी बोट लावलं नाही. जिलेबी गार पडल्यावर तो खटका मी बंद केला. मी. आणि मग सुधीरला हाक मारली.

तो आधी जिलेबीकडे बघत राहिला, मग खटक्याकडे. "मी केला असेन का गं?" त्याने विचारलं.

"दुसरं कोण करतं या घरात?" मी म्हटलं.

त्याने स्वतः रेवाला फोन करून माफी मागितली. बोलताना रडला. मी तिथेच उभी होते. ती त्याला एवढंच म्हणाली, "बाबा, एकच स्विच होता." तेव्हापासून तिने त्याला मनातलं काही सांगितलेलं नाही. वाढदिवसाला फोन येतो, हवापाण्याचं बोलतात. सुधीर आता घरातला एकही खटका बंद करत नाही. भर दिवसा दिवे जळत असतात, मी मागून फिरून बंद करते. आणि रेवा? रेवा आता सगळं आधी मला सांगते. हेच तर हवं होतं मला.

परवाचा फोन तिचाच. तिला दिवस गेलेत. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पण आई, बाळाला बाबांजवळ एकटं नाही ठेवायचं. प्रॉमिस कर."

सुधीर पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता, तिथला दिवा चालूच होता. मी प्रॉमिस केलं.