तळहातावरचा तारामासा

चाळीस वर्षं वाकून वाकून मावशीच्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता. शोभेच्या वस्तूंच्या दुकानासाठी ती किनाऱ्यावरून तारामासे आणि सँड डॉलर नावाच्या समुद्री जिवाच्या पांढऱ्या चकत्या वेचायची, पण फक्त मेलेलेच. प्रत्येक तारामासा आधी तळहातावर ठेवायची. त्याच्या बारीक पायांच्या गुदगुल्या झाल्या, की परत पाण्यात.

अलीकडे सगळेच मेलेले निघत होते. "बरंच झालं बाई, पाण्यापर्यंतच्या खेपा वाचल्या," ती जावेला म्हणायची.

आज ओट्यावर वाळत घातलेल्या रांगेतला एक तारामासा वीतभर सरकून पायरीच्या कडेला वाळून पडला होता. मावशी त्याच्याजवळ बसली. तारामासे पांढरे करताना वर्षानुवर्षं ब्लीचमध्ये बुडालेल्या आपल्या तळहातात तिने नख रुतवलं.

काहीच जाणवलं नाही.