समोरचीला मत
आमच्या इंद्रपुरीच्या मराठी महिला मंडळात एक रीत होती. अध्यक्षपदाला उभी राहिलेली बाई स्वतःला मत देत नसे, समोरचीला देई. चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिणं म्हणजे पंक्तीत आपल्याच पानात आधी वाढून घेणं. मी आणि माझी शेजारीण वर्षानुवर्षं अशाच एकमेकींना निवडून आणत आलो.

मग वॉर्डातली पार्षदाची, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाची, जागा महिलांसाठी राखीव झाली आणि दोघींच्या नवऱ्यांना एकदम बायका आठवल्या. तिचा नवरा एका पक्षात, माझा दुसऱ्या. आम्हाला विचारतंय कोण! पोस्टरवर हात जोडलेली मी, आणि माझ्याहून मोठा ह्यांचा फोटो. तिच्या घरी पाऊल टाकायचं नाही, असं फर्मान निघालं. संध्याकाळी माझ्या पायरीवर भाजी निवडत बसणारी मैत्रीण आता गच्चीवर मला बघून पाठ फिरवायची. खड्ड्यात गेला तो वॉर्ड, मला ती परत हवी होती.

मतदानाच्या दिवशी मशीनसमोर उभी राहिले आणि रीतीप्रमाणे तिच्या नावापुढचं बटण दाबलं. तीही तेच करणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

ती जिंकली. ह्यांनी जेवणाचं ताट भिरकावलं. मी फरशी पुसली आणि ओटीचं सामान घेऊन मागच्या दाराने तिच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या गळ्यात हार पडत होते. ती स्वयंपाकघरात भजी तळत होती.

"मी तुलाच दिलं गं," मी म्हटलं. "आपल्या रीतीनं."

तिने झारा खाली ठेवला. "मी नाही दिलं तुला. मलाच दिलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा तरी वाटलं गं, आपणही कुणीतरी व्हावं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर तिच्या नवऱ्याच्या नावाने आरोळी उठली, "पार्षद साहब ज़िंदाबाद!" पाठोपाठ त्याची हाक आली, "अगं, चाय पाठव लवकर! सगळे थांबलेत."

तिचे डोळे भरून आले होते. ती कप मांडू लागली. मी ओटीचं सामान बाजूला ठेवलं आणि चहा गाळायला घेतला.