भावजींची लिली आणि ताईचं फूल

भावजी गेले, त्याच्या आदल्या रविवारी ते भाईंदर पश्चिमेला आमच्याकडे स्थळ बघायला आले होते. स्थळ म्हणजे आमची माशांची टाकी आणि लग्नाची मुलगी म्हणजे त्यांच्या टाकीतल्या लिलीचं नवं रोपटं! ताईचे यजमान तसे भिडस्त, पण लिलीच्या बाबतीत पक्के वधुपिता. टाकी पाहिल्याशिवाय रोप कुणाला द्यायचे नाहीत. रेती किती जाड, ट्यूबलाइट किती वेळ चालू असते... सगळी चौकशी झाली. "शोभा, तुझे गोल्डफिश तिला कुरतडून खातील. आधी त्यांची सोय लाव," म्हणाले, दोनदा चहा प्यायले आणि रिक्षाने घरी गेले. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. भावजी झोपेतच गेले होते.

दोन हजार दोन-तीनच्या सुमारास ताई-भावजी मुंबईची खोली सोडून भाईंदर पूर्वेला इंद्रलोकातल्या फ्लॅटमध्ये आले. बाल्कनी नाही म्हणून भावजी हिरमुसले आणि मग त्यांनी बाग पाण्यात लावली. लिलीचा पहिला कंद त्यांनी कांद्यासारखा रेतीत अख्खा पुरला. तो आतल्या आत सडला. घरभर वास. ताईने मोरी दोनदा घासली, शेवटी प्लंबर बोलावला. त्याने टाकीकडे बोट दाखवलं, "साब, बास तो इधर से आ रहा है!" पुढचे कंद मात्र अर्धे रेतीच्या वर राहिले. कंदाला फुटलेल्या रोपाला स्वतःची मुळं आली, की भावजी ते हलकेच खुडून वेगळं लावत. मग कंदाला पुन्हा नवं रोप फुटे आणि भावजींचं स्थळं बघणं पुन्हा सुरू होई.

ताईला हवं होतं फूल. लिलीची पानं लांब देठांवरून वर येऊन पाण्यावर पसरली, की मगच कळी धरते. पण मग खाली उजेड पोचत नाही आणि पाण्यातली लालसर पानं गळतात. भावजींचा जीव त्या लाल पानांत. वर निघालेलं प्रत्येक पान ते बुडापासून कापायचे.

"सगळ्या जगाच्या लिलीला फुलं येतात, आपल्याकडे नुसता पाला!"

"अगं, फूल चार दिवसांचं. हा पाला वर्षभर आहे."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मी अर्थातच ताईच्या बाजूने, आणि आगीत तेल ओतायला तर मला फारच आवडायचं.

भावजींच्या मागे कुणीच कात्रीला हात लावला नाही. बघता बघता पाणी पानांनी झाकलं गेलं आणि त्यांतून एक कळी वर आली. ताईने टाकीचं झाकण काढून ठेवलं. एका सकाळी तिने मला बोलावून घेतलं. फिकट निळं, नाजूक फूल उमललं होतं. ताई लहान मुलीसारखी हसली. "बघा, आलं की नाही!" असं भावजींच्या खुर्चीकडे बघून म्हणालीसुद्धा. मग हळूच मला म्हणाली, "हे असते तर आलं नसतं गं."

त्या क्षणी मला भावजींची फार आठवण आली.

फूल काही दिवस उघडलं, मिटलं आणि मग पाण्यात कललं. त्याच्या शेजारी दुसरी कळी डोकावत होती. ताई कात्री घेऊन आली.

"अगं थांब, दुसरं येतंय ना!"

"एक पाहिलं की. खाली बघ किती अंधार झालाय," ताई म्हणाली. हातातल्या बांगड्या मागे सारून तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पहिलं पान बुडापासून कापलं.