उत्तर आधी लिहिणारा

परळीत आजवर जेवढी माणसं जन्मली, त्यांत इतका निरागस आणि इतका छळणारा माणूस दुसरा झाला नसेल. अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षं तो माझ्या बाकावर कोपराला कोपर लावून बसला, आणि त्या दोन वर्षांत मी त्याच्यावर जितका जळलो तितका कोळसा आमच्या थर्मल वीजकेंद्रातही जळाला नसेल. त्याच्या अब्बांचं स्टेशनजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझे वडील आमच्याच कॉलेजात गणित शिकवायचे. मी त्यांना घरी अण्णा आणि वर्गात सर म्हणायचो. सरांच्या मुलाला गणित यायलाच हवं, असा गावाचा समज होता. मला ते येतही होतं, पण घासून घासून. त्याला ते नुसतं दिसायचं.

वही नावाची वस्तू त्याच्याजवळ कधी नसायची. गाडी कुणाचीही असो, सीटवर राख साचलेली दिसली की हा बोटानं तिच्यावर इंटिग्रेशन सोडवायला घ्यायचा, आणि आमच्या गावात राखेला तोटा नाही. अण्णांची स्कूटर रोज पुसायचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस राहिलं तर जेवताना बोलणी खावी लागत. एकदा कॉलेज सुटल्यावर तिच्या सीटवर ह्याचं गणित उमटलेलं होतं. मी फडकं काढलं तर अण्णा म्हणाले, पुसू नकोस, मला नीट बघायचंय. आणि अण्णा गुडघेदुखी विसरून स्कूटर ढकलत घरापर्यंत चालत आले. मी मागून त्यांची बॅग घेऊन चालत होतो आणि एकदा तरी जोराचा वारा सुटावा म्हणून वैजनाथाला साकडं घालत होतो.

साइन आणि कॉसचं एक नेहमीचं इंटिग्रेशन आहे, वर साइन, खाली दोघांची बेरीज, शून्यापासून पाय बाय टू पर्यंत. ते मी फळ्यावर सहा ओळींत बिनचूक सोडवलं. अण्णांनी मान हलवली आणि ह्याला उठवलं. हा शर्टाची कॉलर चावत म्हणाला, "सर, हे दोघं भाऊ हायेत. जागा बदलल्या तरी रान तेवडंच. मंग अर्धं ह्याला, अर्धं त्याला. पाय बाय फोर." अण्णांनी खडू खाली ठेवला. रात्री जेवताना आईला, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना आणि रविवारी धारूरहून आलेल्या मामांना त्यांनी ते दोन भाऊ ऐकवले. मामा बिचारे शेवटपर्यंत विचारत राहिले, की रान नेमकं कुठल्या शिवारातलं? माझ्या सहा ओळी मात्र घरी कुणाला कळल्या नाहीत.

पण बोर्डात पायरीला गुण असतात, आणि ह्याच्या पेपरात पायऱ्याच नसायच्या. मग अण्णांनी फर्मान काढलं की त्याला रीतसर लिहायला मी शिकवायचं. तो रोज संध्याकाळी घरी यायला लागला. आईच्या भाकरीची तो इतकी तारीफ करायचा की ती त्याला तिसरी वाढायची. लिहायला बसला की आधी पानाच्या तळाशी उत्तर टाकायचा आणि तिथून एकेक पायरी रचत वर चढायचा. बऱ्याचदा वर जागाच उरायची नाही आणि प्रश्नाचा क्रमांक समासाबाहेर जाऊन बसायचा. मी चिडलो की म्हणायचा, "घर तर दिसतंय बे, रस्ता कावून इचारतेत हे लोक?"

सराव परीक्षेचे पेपर अण्णांनी घरीच तपासले. गुणांची बेरीज करायचं काम पाचवीपासून माझंच. त्यात माझा स्वतःचा पेपर असला तरी अण्णांना कधी शंका आली नाही. मला ऐंशीपैकी एकाहत्तर होते. मग त्याचा पेपर हाती आला. एका पानावर अण्णांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'असं मला सुचलं नसतं.' माझ्या पेपरावर 'अक्षर छान' होतं. त्याची बेरीज शहात्तर येत होती. मी ते लाल शाईचं पान धरलंच नाही. आठ गुण गेले, अडुसष्ट झाले.

वर्गात अण्णांनी माझं नाव पहिलं वाचलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गासमोर इतके मोकळे हसले, की तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपला पेपर उलटसुलट केला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर घडी करून खिशात ठेवला. त्याची बेरीज चुकणं शक्यच नव्हतं.

पुढे आठवडाभर तो रोज आला, तीन-तीन भाकऱ्या खाऊन गेला, आणि पेपराचा विषयही त्यानं काढला नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. त्याला कोपऱ्यावर गाठून विचारलं, तू सरांना सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला, "सर लई खूश झालते बे. आट मार्कासाटी ते कावून मोडायचं?"

आता तो हैदराबादला गणितात संशोधन करतो. मी अंबाजोगाईला क्लास घेतो, मुलांना पायऱ्या शिकवतो. अण्णा निवृत्त झालेत. दर रविवारी तो त्यांना फोन करतो आणि तासभर दोघांचं गणित चालतं. घरात पाहुणे असले की अण्णा फोनचा आवाज मोठा करतात आणि त्यांना हौसेनं सांगतात, की हा एवढा हुशार, पण सराव परीक्षेत आमच्या चिरंजीवांनी ह्याला मागं टाकलं होतं. तिकडून तो म्हणतो, "हाव सर, टाकलं होतं." अण्णा माझ्याकडे बघून हसतात. खरं काय ते सांगायला मी दर वेळी तोंड उघडतो, त्यांचा चेहरा पाहतो आणि गप्प बसतो. त्याच्यासारखं होणं मला जमलं नाही, ह्याचं अण्णांना आता काही वाटत नाही. मला मात्र फार वाईट वाटतं.