माफी मागत फिरणारा जावई

माझ्या बहिणीचा नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा कल्याणात मोठी सभा भरली. तेवढी मोठी सभा त्याआधी एकदाच भरली होती, तळ्यातला गाळ कोणी काढायचा यावर. गाळ अजून तिथेच आहे.

बहिणीचा हात मोडला तेव्हा सभा भरली नव्हती. ती आमच्याकडे आली, हाडवैद्याने कामट्या बांधल्या, आईने शेजारी सांगितलं की पोरगी जिन्यावरून पडली. शेजाऱ्यांनी ते खरं मानल्याचं दाखवलं. दीड महिन्याने हात सांधला आणि मीच तिला सासरी पोचवून आलो. सासर म्हणजे आमच्यापासून दोन आळ्या पलीकडे. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. ग्रहाशी कोणी भांडत नाही, त्याची शांत करतात. आम्ही दर दिवाळीला धोतरजोडी देऊन ती करत होतो.

तो मामलेदार कचेरीत कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, हिशेबात चूक नाही, पण डोकं तापलं की हात सुटायचा. घडी चुकली म्हणून त्याने परटाला मारलं होतं, दौत सांडली म्हणून कचेरीच्या शिपायाला. एकदा कानाशी वस्तरा लागला तर अर्धी हजामत तशीच ठेवून न्हाव्याला आळीभर पळवलं. गावाला तो आवडत असे. "तापट आहे, पण मनाचा स्वच्छ," असं म्हणत. मन कोणी पाहिलेलं नव्हतं.

मग कचेरीच्या कामासाठी तो सहा महिने ठाण्याला राहिला आणि एका पाद्र्याशी वाद घालायला जाऊ लागला. पाद्र्याशी वाद घालायला जाणारे बहुतेक जण जिंकून येतात, निदान त्यांचं म्हणणं तसं असतं. हा हरून आला. त्या पाद्र्याला मी कोपरीच्या बाजूला एकदा ऐकलं होतं. झाडाखाली उभा राहून तो असं मराठी बोलत होता की वाक्य सुरू झाल्यावर घरी जाऊन जेवून यावं, तरी क्रियापद हाती लागेल. अशा माणसापुढे आमचा जावई हरला, याचं मला धर्म बुडाल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बाप्तिस्म्याची बातमी आली त्याच दिवशी मी बहिणीला आमच्या घरी आणलं. तो परत आला तेव्हा घरमालकाने त्याचं सामान रस्त्यावर काढून ठेवलं होतं. गावात कोणी खोली देईना. शेवटी शहाडला नदीच्या काठी एका नावाड्याच्या पडवीत त्याने बिऱ्हाड केलं. तिथून तो रोज चालत कचेरीत येई. त्याला पाहून लोक रस्ता ओलांडत. पोरं शेण मारत. ही पोरं माझ्या शाळेतली, आणि नेम चांगला लागला तर मी त्यांना रागावत नसे.

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. मग त्याने माफी मागायला सुरुवात केली.

पहिल्यांदा तो परटाकडे गेला. परटाने त्याला लांबून येताना पाहिलं आणि हातातली कपड्यांची गाठोडी टाकून पळ काढला. न्हावी पळाला नाही, पण वस्तरा हातात धरूनच बोलला. कचेरीतल्या शिपायाने माफी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मामलेदारांकडे अर्ज केला की कारकूनसाहेबांच्या बोलण्याची भीती वाटते, बदली व्हावी. गावात दोन मतं पडली. एक, की हा वेडा झाला आहे. दुसरं, की बाटवताना पाद्री पाण्यात काहीतरी घालतात.

बहीण एके सकाळी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, परीट खरंच पळाला?"

"पळाला."

"आणि हे?"

"उभा राहिला."

"मागे धावले नाहीत?"

"नाही."

तिने सुपातला एक खडा उचलला, बराच वेळ बघितला आणि टाकला. मी म्हटलं, "अगं, बाटल्याने स्वभाव बदलत असता तर सरकारने तुरुंग कशाला बांधले असते? एकेका कैद्याला नदीवर नेऊन बुडवलं असतं."

सभेत ठरलं ते असं. शास्त्रीबुवांनी सांगितलं की त्याचा घटस्फोट करावा. म्हणजे पतिताच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवायची, दासीने ती लाथेने उलटवायची, आणि त्या क्षणापासून तो माणूस मेला असं धरायचं. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्या आळीतल्या वकिलांनी विचारलं, "तो मेला, तर त्याची बायको कोण?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "मेलेल्याची बायको विधवा. अमावास्येला घागर, आणि लगेच तिचं केशवपन."

"पण बुवा, तो दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सही करणार. मेलेला माणूस कचेरीत कसा जाईल?"

"कचेरीत पुष्कळ मेलेले जातात," बुवा म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

सभा हसली. मीही हसलो. घरी आलो तर आईने कळलं होतं तेवढं बहिणीला सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांची ती. कमरेखाली येतील एवढे केस. ते मोकळे सोडून ती मागच्या दारी बसली होती आणि विंचरत नव्हती. नवरा नदीकाठी जिवंत, आणि अमावास्येला अजून अकरा दिवस.

मला ते पटलं नव्हतं. पटलं नव्हतं हे मी कोणाला सांगितलं नाही. सुधारणेवरचे निबंध मी पुष्कळ वाचले होते आणि एकदोन लिहिलेही होते, पण ते पुण्यातल्या लोकांसाठी होते. मी दुसरा मार्ग काढला. त्याला घरी बोलवायचं आणि चार लोकांच्या देखत इतकं डिवचायचं की त्याचा हात सुटलाच पाहिजे. हात सुटला की बाप्तिस्मा खोटा ठरला. खोटा ठरला की शरमेने तो प्रायश्चित्ताला तयार होईल. प्रायश्चित्त झालं की बहिणीचे केस वाचले. माझ्या पदवीच्या मानाने हा युक्तिवाद बिनचूक होता. केस वाचल्यावर ती परत त्याच हाताखाली जाणार, एवढी एक गोष्ट मी त्यात धरली नव्हती. घरात कोणीच धरली नव्हती.

तो आला. ओटीवर शास्त्रीबुवा, वकील आणि आळीतले पाचसहा जण बसले होते. त्याला अंगणातच उभं ठेवलं. माजघराचं दार मी मुद्दाम अर्धं उघडं ठेवायला सांगितलं होतं. त्यामागे बहीण, आई आणि माझी बायको. बहिणीनेही आपल्या डोळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती.

तो वाळला होता. शेंडीच्या जागी आखूड केस वाढले होते आणि धोतर घरी धुतल्यासारखं पिवळट दिसत होतं.

वकिलांनी सुरुवात केली. "कायद्याने तुला बायको मागता येते. तुझ्या पाद्र्याने सांगितलं असेलच. फिर्याद का केली नाहीस?"

"तो सांगतो आहे रोज. फिर्याद करून आणली तर ती धरून आणल्यासारखीच झाली. धरून पुष्कळ ठेवली मी."

"मग आलास कशाला?"

"मास्तरांनी बोलावलं म्हणून. आणि मला तिची माफी मागायची आहे. तुमच्या सगळ्यांच्या देखत."

"कोणाची?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"बायकोची."

ओटीवर जो गलका झाला तो बाप्तिस्म्याच्या बातमीनेही झाला नव्हता. एक म्हातारे उठून उभे राहिले. बुवांच्या हातातलं पान खाली पडलं. "अरे, काय वाटेल ते खाल्लंस, ते एक वेळ पोटात राहील. पण बायकोची माफी? उद्या आमच्या घरातून काय ऐकायला लागेल आम्हाला?" सगळ्या वादात बुवा एवढं एकच वाक्य मनापासून बोलले असावेत.

आता माझी पाळी होती. मी अंगणात उतरलो. शेंडी कोणत्या कुत्र्याला घातलीस, असं विचारलं. तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून म्हटलं, "घे, आमच्याकडचा बाप्तिस्मा." लोक हसले. त्याने उपरण्याने तोंड पुसलं. मग मी त्याच्या आईविषयी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. ती गरीब बाई केव्हाच वारली होती आणि माझ्या बहिणीच्या लग्नात तिने मला आग्रह करून लाडू वाढले होते. एवढं बोलून मी त्याच्या कानाखाली मारली.

त्याचा हात वर गेला.

तो मी याआधी पाहिला होता, लांबून आणि नातेवाइकाच्या सोयीने. उजवा हात, पंजा उघडा, खांद्याच्या थोडा मागे. ओटीवर कोणीतरी समाधानाने "हं" म्हणालं. मी डोळे मिटून घेतले. शूरपणाचा आव आणणाऱ्याने असं सांगू नये, पण मिटले.

काही लागलं नाही म्हणून उघडले. हात तिथेच होता. तोंड लाल झालं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. चेहऱ्यावर संताची शांती वगैरे काही नव्हती. ओढ लागलेला बैल दोरीला धरून ठेवावा तसा तो स्वतःला धरून होता. मग डाव्या हाताने त्याने उजवा हात खाली ओढला, काखेत दाबून धरला आणि अंगणातच मातीत बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "आणखी काही बोलायचं असेल तर बोला. पण लवकर बोला. मला अजून फार वेळ धरवत नाही."

हसायला कोणाला सुचलं नाही. माजघराचं दार वाजलं. बहीण बाहेर आली, पुरुषांच्या ओटीवरून सरळ चालत, पायरी उतरून अंगणात. आई आतून ओरडली, "अगं, कुठे निघालीस?"

ती नवऱ्यापासून चार पावलांवर थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अकरा वर्षं मी तो हात बघते आहे, दादा. एकदा वर गेला की कधी थांबला नव्हता."

बुवा वरून म्हणाले, "पोरी, ही सैतानी विद्या आहे. त्याला थांबवणारा तो देव आपला नव्हे."

"बुवा, कोणी थांबवला ते तुम्ही पोथीत बघा. तुमच्यातल्या कोणी अकरा वर्षांत थांबवला नव्हता." मग त्याला म्हणाली, "उठा. माफी इथे नको. घरी मागा, आणि रोज मागा."

त्याने मान हलवली. दोघं गेले. तो पुढे, ती मागे, मध्ये चार पावलं. चार पावलं तिने शहाडपर्यंत कमी केली नाहीत, असं नंतर परटाने सांगितलं. विश्वास ठेवायची तिला घाई नव्हती. सोबत काही नेलं नाही, फणीसुद्धा.

अमावास्येला आम्ही दोन घागरी भरल्या. दासीने दोन्ही उलटवल्या. आई आठ दिवस जेवली नाही, मग जेवली.

बहिणीने पुढे दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत ती त्याच्या घरात आपली तुळस लावून राहिली आणि त्याने ती उपटली नाही, हेही परटाकडूनच कळलं. परीट आता त्यांच्याकडे स्वतःहून कपडे न्यायला जाई. "बाय घरात मोठ्यानं बोलतं आता," तो म्हणाला. पाद्र्याने ही सगळी हकीकत त्यांच्या मासिकात छापली. तीत मी एक क्रोधाविष्ट मूर्तिपूजक आहे आणि अंगणात आकाशातून प्रकाश पडतो. प्रकाश वगैरे काही नव्हता, ढग होते. त्यांच्या धर्माविषयी माझे आक्षेप होते ते सगळे अजून आहेत, आणि पाद्री भेटला तर मी ते क्रमाने सांगू शकतो. परटाने मात्र मला एकही आक्षेप कधी विचारला नाही.

बहीण गेली त्या दिवशी संध्याकाळी मी जेवायला बसलो. आई पडून होती. बायकोने ताट मांडलं, भात वाढला, वरण वाढलं. मी सकाळचंच डोक्यात घोळवत होतो, म्हणून असेल, पण मला दिसलं की वाढताना ती पूर्ण जवळ येत नाही. अंगाला वाक देऊन, हात लांब करून वाढते आणि लगेच मागे सरते. लग्नाला आमच्या नऊ वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "अशी लांबून का वाढतेस?"

ती पळी हातात धरून उभी राहिली. "सवय आहे," ती म्हणाली. मग माझ्या उजव्या हाताकडे बघत तिने विचारलं, "तूप वाढू का?"